न वाचता केलेली सही

"मामा, पंपाच्या शाफ्टचं माप बदललंय. सही करायच्या आधी एकदा वाचून घ्या," डिझाइन विभागातल्या साक्षीनं ड्रॉइंगचा कागद पुढं केला.

भाऊसोंनी तो हातभर लांब धरला, भुवया आवळल्या आणि मान डोलावली. "वाचलं गं. बावीस वर्सं हेच करतोय मी." खाली 'समजले' असं छापलं होतं, तिथं त्यांनी झोकात सही ठोकली.

खरं म्हणजे त्यांना कागदावर आकडे नाहीत, मुंग्या दिसल्या होत्या. चष्मा स्कूटरच्या डिकीत होता आणि तिथंच राहणार होता. घरी पेपर वाचताना तो नाकावर असायचा. पण कुपवाडच्या या कारखान्यात चष्मा घालणारा फोरमन म्हणजे उताराला लागलेला फोरमन, असं भाऊसोंचं ठाम मत होतं. ते त्यांना कुणी विचारलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. लेथवरच्या माणसांना ते मापं तोंडीच सांगायचे आणि त्याचा त्यांना कोण अभिमान!

जेवणाच्या सुट्टीत गुपचूप डिकीपाशी जाऊन कागद वाचू, असं त्यांनी ठरवलं होतं. पण डबे उघडताच लेथवाल्या अर्जुनानं विषय काढला. "मामा, पलीकडची नवी शेड तुमच्याच ताब्यात येनार म्हनं. आता म्यानेजर म्हनायचं तुमास्नी."

"मालकांच्या मनात हाय तसं," भाऊसो म्हणाले, आणि सगळी सुट्टी त्या गोडव्यातच संपली. घरी त्यांच्या बायकोनं, बनुबाईंनी, तर दहिवडीला माहेरी फोन करून सांगूनही टाकलं होतं. दुपारी अर्जुनानं शाफ्टचं माप विचारलं. कागद डोक्यातून पार गेलेला. भाऊसोंनी नेहमीचंच सांगितलं, "पंचेचाळीस. इचारतोस काय?"

चार दिवसांनी गिऱ्हाइकानं एकशे वीस शाफ्ट परत पाठवले. प्रत्येक शाफ्ट एक मिलीमीटरनं बारीक. जाड असते तर पुन्हा तासता आले असते. आता सगळा माल भंगारात.

कारखान्याचे मालक मगदूम यांनी भाऊसोंना आणि साक्षीला केबिनमध्ये बोलावलं. मालक वयानं लहान, पण वडिलांच्या वेळचा माणूस म्हणून भाऊसोंना मान द्यायचे. "मामा, असं कसं झालं?"

"मला कुनी सांगितलंच न्हाई," भाऊसोंच्या तोंडून निघून गेलं. साक्षीनं चमकून त्यांच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

मालकांनी तोच कागद पुढं सरकवला. "व्यास किती लिहिलाय, वाचा जरा."

डिकीतनं चष्मा आणतो, एवढंच म्हणायचं होतं. भाऊसोंनी कागद लांब धरला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "पंचेचाळीस."

"शेहेचाळीस आहे, मामा," मालक हळूच म्हणाले.

"सर, चूक माझी आहे," साक्षी मध्येच बोलली. "मी आकडा मोठ्यानं वाचून दाखवायला पाहिजे होता."

पोरगी वाट काढून देत होती. भाऊसोंनी नुसतं गप्प बसायचं होतं. पण लेकीच्या वयाची पोर आपली अब्रू झाकायला दोष स्वतःच्या माथी घेतेय, हे बघून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तिची काय चूक न्हाई," ते म्हणाले. "तिनं सांगितलं हुतं. मलाच बारीक दिसत न्हाई. चष्मा लागतो मला. पाच वर्सं झाली."

"मग घालायचा की, मामा! चष्म्याला कोण हसतंय?" मालकांचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. "माल गेला, त्याचं बघून घेऊ. पण आधी तुम्ही हिच्यावर ढकललंत. नवी शेड आता मी दुसऱ्याकडं देतो."

"व्हय," एवढंच म्हणून भाऊसो बाहेर आले.

बाद मालावर लाल रंगाची रेघ ओढतात, म्हणजे तो चुकून चांगल्या मालात मिसळत नाही. हे काम एरवी झाडलोट करणारा माणूस करायचा. भाऊसोंनी रंगाचा डबा उचलला आणि ते शाफ्टच्या ढिगापाशी जमिनीवर मांडी घालून बसले. ते बघून अर्जुना लेथ बंद करून धावत आला.

"आवं मामा, तुमी कशाला? द्या हिकडं त्यो ब्रश."

"ऱ्हाऊ दे रं. माप मी दिलंय," भाऊसो म्हणाले आणि त्यांनी पुढचा शाफ्ट मांडीवर घेतला.