मावशी, जाऊ का?

"मावशी, मी पाणी पिऊन येऊ?"

लाँड्रीच्या मागच्या खोलीतल्या सगळ्या बायका फिदीफिदी हसल्या. शेजारच्या टेबलावरच्या मावशी तेवढ्या हसल्या नाहीत. शर्टाची बाही उलटवत म्हणाल्या, "नको. आज पाण्याला सुट्टी आहे."

मी निमूट परत इस्त्री उचलली. तेव्हा त्यांनी मान वर करून मला नीट पाहिलं. "अगं बाई, थट्टा केली मी. जा, पी."

नवऱ्याने माझ्यावर कधी हात उगारला नाही. त्यामुळे कुणाला दाखवायला काही नव्हतं. आवाजसुद्धा मऊ. दिवा कधी मालवायचा, बहिणीशी किती बोलायचं, मला थंडी वाजतेय की नाही, सगळं तोच ठरवायचा. "तुला काय कळतंय, राणी," म्हणायचा. मनाविरुद्ध झालं की अबोला, मग मी माफी मागायची, कशाची ते न कळता. शेवटी बहिणीकडे निघून आले. चार कपडे आणले. ही विचारायची सवय मात्र न सांगताच पिशवीत बसून आली.

मावशींनी त्या सवयीवर औषध काढलं. मी विचारलं की काहीतरी भलतंच सांगायच्या. "आधी अर्ज कर." "पाऊस थांबला की जा," आणि बाहेर लख्ख ऊन! मी हसत हसत जायला लागले.

मग एका दुपारी काउंटरपाशी तो उभा. हातात माझा स्वेटर.

"किती काळजी बाई!" कुणीतरी कुजबुजलं.

"गार वारा सुटलाय. तुझं तुला सुचत नाही ना," तो हसून म्हणाला. "झालं ना रुसून? चल घरी."

खोटं कशाला बोलू, माझे पाय निघाले होते. दारात वळून मी विचारलं, "मावशी, जाऊ का?"

त्या 'नको' म्हणाल्या असत्या तर मी थांबले असते, त्यांचं ऐकून. पण त्या बोलल्याच नाहीत. थट्टासुद्धा केली नाही. मान खाली, हात इस्त्रीवर. त्या गप्प बसण्याचे उपकार माझ्याच्याने फिटायचे नाहीत.

"मी येत नाही," मी म्हणाले. आवाज घोगरा निघाला, पण माझाच होता.

"नीट विचार कर हं."

"केलाय. आणि मला थंडी वाजत नाहीये."

तो स्वेटर घेऊन निघून गेला. मागून जळका वास आला. मावशींच्या इस्त्रीखाली पांढऱ्या शर्टाची पाठ तपकिरी झाली होती. ज्या मावशींनी उभ्या जन्मात एक रुमाल जाळला नव्हता, त्यांच्या हातून!

"जीभ आवरू का इस्त्री?" त्या वैतागून म्हणाल्या. "दोन्ही जमेना."

माझ्या घशाला कोरड पडली होती. इस्त्री उभी करून ठेवली आणि गेले. एक पेला प्यायले. मग उगाचच आणखी एक.

"कुठे गं गेली होतीस?" परतल्यावर मावशींनी विचारलं.

"सांगणार नाही."

मावशी हसल्या, आणि त्या जळक्या शर्टाची नव्यासारखी, काठाला काठ जुळवून, घडी घालत राहिल्या.