चार किलोंची सॅक

मी एक जुनी सॅक आहे. माझा तळ अजून निळा आहे, पण वरचा भाग उन्हाने राखाडी झाला आहे. एका शिलाई कारखान्यात माझा जन्म झाला. मला शिवणाऱ्या बाईने खांद्याच्या पट्ट्यांच्या मुळाशी चारदा उलटसुलट टाके घातले आणि शेजारणीला सांगितले, "हा पट्टा तुटला तर माझं नाव बदलून ठेव." मित्रांनो, तिचे नाव मला कधीच कळले नाही, पण ते बदलण्याची वेळ आलेली नाही.

मी ज्या घरी आले तिथली आई पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. बाबा पाव भाजतात. त्यांची मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. महिन्यातून एका सुट्टीला मायलेकी डोंगरावर जात आणि संध्याकाळच्या आत परतत. बाबांची भट्टी नेमकी सुट्टीलाच जास्त पेटलेली असे, म्हणून ते मागे राहत.

मला भरण्याची आईची रीत पक्की होती. जड वस्तू पाठीलगत, म्हणजे चालणारा मागे ओढला जात नाही. म्हणून पाण्याच्या दोन स्टीलच्या बाटल्या तिथे. तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत स्वेटर आणि जादा मोजे. मध्ये खाण्याचा डबा. सगळ्यांत वर रेनकोट, कारण पाऊस सवड देत नाही. कडेच्या खिशात नकाशा, विजेरी, जखमेवर बांधायच्या पट्टीची गुंडाळी आणि शिट्टी. मला वाहायची मुलगीच. तिचे वजन चाळीस किलो, म्हणून माझे चार किलोंच्या वर जायचे नाही, असा नियम होता.

एका सकाळी आईने मला वजनकाट्याला अडकवले. मुलीचा स्वेटर नवा, जरा जाड होता.

"साठ ग्रॅम जास्त भरतंय," आई म्हणाली.

"साठ ग्रॅमने काय आभाळ कोसळतंय?" बाबा म्हणाले. "माझ्याकडे मूठभर पीठ इकडचं तिकडे झालं तरी पाव फुगतोच."

"म्हणूनच तुमचा एक पाव दुसऱ्यासारखा नसतो," आई म्हणाली. बाबा हसत बाहेर पडले.

आईने पट्टीची गुंडाळी आणि शिट्टी काढून फळीवर ठेवली. काटा बरोबर चारवर आला. त्या दोन वस्तू आजवर कधी लागल्या नव्हत्या, म्हणून आजही लागणार नाहीत, असा तिचा हिशोब होता. प्रयोगशाळेत असा निष्कर्ष तिने कुणाचा चालवून घेतला नसता.

दुपारी डोंगराच्या धारेवर आई बुटाची नाडी बांधायला खाली बसली. मुलगी वळणापलीकडे काय आहे ते पाहायला पुढे गेली. तेवढ्यात दरीतून धुके चढले आणि पाहता पाहता दहा पावलांपुढचे दिसेनासे झाले. मुलगी परत वळली, पण तिथे वाटेला दोन फाटे होते. आईची हाक कधी डावीकडून येई, कधी उजवीकडून. कड्यांवर आदळून आवाजाची दिशा हरवली होती.

ती पळणार, असे मला वाटले. तिच्या पाठीवर मला तिचे हृदय धडधडताना जाणवत होते. धारेच्या दोन्ही बाजूंना उतार होता. पण ती खडकाला टेकून बसली. आधी रेनकोट घातला. मग माझा कडेचा खिसा चाचपला. शिट्टी नव्हती. तिने पुन्हा चाचपला. जे माझ्यात नव्हते ते मी कुठून देणार?

ती क्षणभर रडली. मग तिने डबा काढला, त्यातले खारे दाणे खिशात ओतले आणि रिकाम्या डब्यावर बाटली आपटली. तीन ठोके. मदतीच्या हाकेची हीच खूण आईने शिकवली होती. मनात साठपर्यंत मोजले. पुन्हा तीन ठोके. एकविसाव्या खेपेला धुक्यातून आई आली. गुडघे चिखलाने भरलेले, आवाज पार बसलेला.

"कुठे होतीस गं?"

"मी इथेच होते. तू कुठे होतीस?"

आईने तिला इतके घट्ट धरले की मध्ये सापडलेल्या डब्याला पोचा आला.

"दाणे खा," मुलगी म्हणाली. "खिशात आहेत."

घरी आल्यावर आईने मला कपाटावर ठेवले. "झालं तेवढं पुरे," म्हणाली. ओला रेनकोट माझ्या पोटात तसाच राहिला. अडीच महिने मला कुणी हात लावला नाही. मला बुरशी धरली. मुलगी खोलीत येई, वर पाही आणि निघून जाई. ते मला बुरशीपेक्षा जास्त लागले.

शेवटी माझ्या वासानेच आईला वर बघायला लावले.

"चूक पोरीची नव्हतीच," ती बाबांना म्हणाली. "माझी होती."

"मग चुकलं तुझं आणि शिक्षा तिला?"

आईने मला कोमट पाण्यात धुतले, उलटी करून सावलीत टांगले आणि दोन दिवसांनी मुलीच्या हातात दिले. "या वेळी तू भर."

मुलीने मला अर्धा तास भरले. शिट्टी पट्ट्यालाच बाहेरून बांधली. आई दाराशी उभी होती. आत काय आहे, हे विचारायला तिचे ओठ दोनदा उघडले आणि दोनदा मिटले.

"विचार ना," मुलगी म्हणाली.

"नाही विचारणार."

मग आईने माझ्या दोन्ही पट्ट्यांखाली हात घालून मला उचलले आणि मुलीच्या पाठीवर चढवले.

त्यानंतर मी किती डोंगर पाहिले, ते मोजलेले नाही. मित्रांनो, तुमची सॅक तुम्हीच भरा. कोणती वस्तू कुठे आहे, हे डोळे मिटूनही तुमच्या हातांना कळू द्या. परत आल्यावर कितीही दमलात तरी तिला रिकामी करा, झटका, वाळवा. आम्हाला ओझ्याचा त्रास होत नाही. कोरड्या राहिलो आणि कुणाची तरी पाठ लाभली, की आम्ही सुखी असतो.