मास्तरांची दाढी

"मान जरा वर घ्या, मास्तर," दादा म्हणाला, पण शब्द नीट निघालेच नाहीत. तोंडात गरम घास असावा तसे घोळले. मास्तरांचा डोळा लागला होता. फेसाने पांढऱ्या झालेल्या त्यांच्या गळ्यावर वस्तरा टेकलेला होता, आणि तो धरणारा हात दादाला स्वतःचा वाटेनासा झाला होता.

रक्तदाब वाढल्याचं गेल्या वर्षीच कळलं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "मीठ कमी करा, रोज चाला आणि गोळी चुकवू नका." त्यातलं सोयीचं तेवढं दादाने उचललं. गोळी एकदा मागे लागली की जन्माची, असं त्याचं ठाम मत. मीठ तोडलं, पहाटे फिरू लागला, पोटही उतरलं.

"अहो, एकदा मोजून तरी या," बायको म्हणायची.

"मला काही होतंय का? मग झोपलेल्या कुत्र्याला दगड कशाला मारायचा?"

खरं तर मोजण्याचीच त्याला धास्ती होती. दवाखान्याची पाटी दिसली की कानात ठोके वाजायचे आणि तो रस्ता बदलायचा.

आता बोटं उघडेनात की मिटेनात. उजवा पायही लटपटू लागला. हाक मारावी, तर मास्तर दचकून मान हलवणार. गळ्याची शीर पात्याखाली उडताना दिसत होती. दादाने डाव्या हाताने आपलंच उजवं मनगट धरलं आणि परक्याचा हात उचलावा तसं वस्तऱ्यासकट हळूहळू वर, बाजूला नेलं. वस्तरा फरशीवर खणकन पडला. पाठोपाठ दादा.

तोंडावरचा फेस तसाच घेऊन मास्तर रस्त्यावर धावले. "अहो, गाडी थांबवा कुणीतरी!"

दवाखान्यात जीभ थोडी वळू लागल्यावर दादाने बायकोला पहिलं विचारलं, "मास्तरांना... लागलं का?"

"ओरखडासुद्धा नाही," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून रडली. तिने पुढे केलेली गोळी त्याने निमूटपणे घेतली.

काही महिन्यांनी दुकान उघडलं. कात्री चालू लागली, पण वस्तरा हातात घेतला की बोटं थरथरायची.

"फक्त केस कापतो, मास्तर," तो म्हणाला. "दाढी कोपऱ्यावरच्या दुकानात करा. माझा मलाच भरवसा नाही."

मास्तर आरशातून त्याच्याकडे बघत राहिले. "बरं," एवढंच म्हणाले.

कोपऱ्यावर ते कधीच गेले नाहीत. त्यांची दाढी वाढत गेली. वर्गात पोरं हसली, घरी बायको कुरकुरली. त्यांनी कुणालाच कारण सांगितलं नाही. दर रविवारी ते खुर्चीत येऊन बसत, आणि दादा ती दाढी कात्रीने, अगदी सावकाश, सारखी करून देई.