मंदाच्या घरातली रेघ

मंदाच्या घरातली ती रेघ बघायला माणसं येतात, याचा मला राग येतो. सरळ सांगते. एकोणीस वर्षं झाली, राग काही कमी झालेला नाही.

रेघ म्हणजे काय, तर दोन हजार सहाच्या पुराचं पाणी कुठवर चढलं होतं त्याची खूण. मंदाचा नवरा आनंदा गवंडी. पाणी उतरल्यावर भिंतीवर गाळाचा पट्टा राहिला होता, त्यावर त्याने ओला गिलावा मारला, थापीच्या टोकाने आडवी रेघ ओढली आणि खाली तारीख कोरली. तेव्हापासून सुरतेच्या वेड रोडवरच्या आमच्या गल्लीत पूर म्हटलं की मंदाचं घर. पेपरवाले आले, नगरसेवक रेघेखाली उभा राहून फोटो काढून गेला. जणू तापी फक्त तिच्याच घरात शिरली होती आणि आम्ही गच्चीवर पापड वाळवत होतो.

अहो, रेघ आमच्याही घरात होती. गाळाची, चांगली चार बोटं रुंद. पण माझ्या मुलाचं, कुंदनचं लग्न ठरलं, मुलीकडचे बघायला येणार, म्हणून मीच हौसेने पिस्ता रंग मारून घेतला. पेंटरने पुट्टी भरताना विचारलंही होतं, काकी, हे ठेवायचं का? मी म्हटलं, घाण कशाला ठेवतोस.

आणि तापी कोणाची, हाही एक प्रश्नच आहे. माझं माहेर सारंगखेड्याचं. आमच्या घाटावरून वाहते ती तापी, तीच पुढे सुरतेत येते. त्या पुरात माझ्या घरात जो गाळ बसला तो आमच्या खानदेशाच्या शेतातला होता, काळाभोर. मी हातात घेऊन ओळखला होता. मंदा परभणीकडची, गोदावरीच्या खोऱ्यातली. तिचा तापीशी संबंध काय? पण मान तिला.

यंदा पावसाळ्याच्या आधी गायत्री आली. कॉलेजात शिकणारी मुलगी, घरचे मराठी पण शाळा गुजराती, त्यामुळे मला मासी म्हणते. त्यांच्या कॉलेजचं प्रदर्शन होतं, नदीकाठच्या या शहराचं. प्रत्येक गल्लीतलं एक घर निवडायचं, त्याचा मोठा फोटो, शेजारी त्या घरच्या माणसाचं बोलणं. पहिल्या दिवशी ती माझ्याकडे बसली आणि मी तिला शहर सांगितलं. मला येतं ते. आधी कशी इथे जहाजं लागायची, किल्ल्यापाशी जगभरचा माल उतरायचा. मग आपल्या लोकांनी हे शहर दोनदा लुटलं, त्यावरून कुंदनला शाळेत पोरं चिडवायची. तो म्हणायचा, आमचे पप्पा तेच परत करतायत, एकेक ताका कापड विणून. मग चौऱ्याण्णवची साथ. प्लेग प्लेग म्हणत अख्खा वेड रोड रिकामा झाला. आम्हीही पळालो, तर सासरच्या गावात लोक आम्हाला वेशीच्या आत घेईनात. बारा दिवस शेतातल्या झोपडीत काढले. परत आलो तर लूम चालू आणि कोपऱ्यावर खमणवाला कढईपुढे उभा. हे शहर असंच आहे. रडत बसत नाही, हात धुतं आणि खायला बसतं.

गायत्री भराभरा लिहीत होती. मला वाटलं, झालं, आपलं घर नक्की. तेवढ्यात तिने विचारलं, “मासी, पण निशाणी? पुराची निशाणी कुठे?”

मी पिस्ता भिंतीकडे बघत राहिले. ती म्हणाली, “मग बाजूवाल्या मंदामासींचंच घेऊ ने? तिकडे रेघ आहे.”

ती गेली आणि मला दुपारचं जेवण गोड लागलं नाही. दगा, माझा नवरा, तीस वर्षं लूमवर उभा राहिलेला माणूस, कानाने अर्धा गेलाय पण माझं तोंड बघून ओळखतो. आमच्या अहिराणीत म्हणाला, “पूर गया ते गया. आते रेघ लिसन काय बठनी तू?”

“तुमले नही समजाव,” मी म्हटलं.

खरंच समजलं नसतं. रेघ हे माझ्या रागाचं एक कारण झालं. त्याच्या तळाशी दुसरंच आहे, तेही सांगून टाकते. त्या पुरात आम्ही वाचलो ते मंदाच्या माळ्यावर. आमचं घर तेव्हा बैठं, पत्र्याच्या छपराचं. तिच्या घराला आत लाकडी माळा होता. आनंदाने पाण्यातून आम्हाला ओढत नेलं आणि तीन दिवस आम्ही त्या माळ्यावर काढले. लोकांना सांगताना मी नेहमी म्हणते, आम्ही वर चढून बसलो. कोणाच्या माळ्यावर, ते सांगत नाही. आणि मंदा? तिनेही कधी काढलं नाही. भांडणातसुद्धा नाही. नळाच्या पाण्यावरून मी तिला काय काय बोललेय, तेव्हाही नाही. एकदा जरी तोंडावर म्हणाली असती, कुंदनची आई, विसरलात का, तर मी दोन शब्द उलट बोलून मोकळी झाले असते. ती बोलत नाही, आणि ते मला आत कुठेतरी सलत राहतं.

मंगळवारी दगा झोपला, सून शिवणाच्या क्लासला गेली. मी रद्दी मागायच्या निमित्ताने मंदाकडे गेले. ती मागे भांडी घासत होती. मी पदराखालून सुतळी काढली, तिच्या फरशीपासून रेघेपर्यंत धरली आणि गाठ मारली. घरी आले. जिन्याखालचा कोपरा आम्ही रंगवला नव्हता, तिथे पुराच्या आधीचा गिलावा अजून तसाच आहे, वरचा गाळ तेवढा केव्हाच झडून गेलाय. स्टूल ठेवलं, आमच्या फरशीपासून सुतळी वर धरली, गाठीच्या वर आणखी एक वीत मोजली आणि नारळ खवणीच्या पात्याने रेघ ओढली. वीतभर जास्त का, तर तिच्यापेक्षा वर पाहिजे म्हणून. तारीख खरडली. वरून कुंडीतली माती आणि चहाचं पाणी कालवून बोटाने फासलं. वाळल्यावर अशी काही दिसायला लागली की माझाच विश्वास बसला.

गायत्रीला फोन करून सांगितलं, पेटी हलवताना मागे निशाणी सापडली. पोरगी खूश झाली. गुरुवारी आली, बघितली आणि म्हणाली, “मासी, ही तर वर आहे. सर म्हणतील मापून आणा. आनंदाकाकांना बोलावू?”

मापाची मला भीती नव्हती. वीतभराचा फरक, कोण विचारतं.

आनंदा लेवलची नळी घेऊन आला. ही गवंड्यांची साधी वस्तू, लांब पारदर्शक नळी, तिच्यात पाणी. एक टोक इथे धरा, दुसरं तिकडे न्या, दोन्हीकडे पाणी बरोबर एका उंचीवर उभं राहतं. आनंदा गायत्रीला सांगत होता, “ह्या नळीला खोटं बोलता येत न्हाई, बाळा. टेप चुकंल, माणूस चुकंल, पाणी चुकत न्हाई.”

त्याने एक टोक माझ्या हातात दिलं, रेघेला लावून धरायला सांगितलं, आणि नळी खिडकीतून बोळ ओलांडून आपल्या घरात नेली. गायत्री दाराशी उभी राहून इकडचं तिकडे ओरडत होती. थोडं वर, थोडं खाली, बस, बस. मग गायत्रीही तिकडे धावली. मी हाक मारली, काय झालं? शेवटी नळी खिळ्याला बांधली आणि मीच तिकडे गेले.

मंदाच्या घरात तिघं मान वर करून उभी होती. नळीतलं पाणी तिच्या रेघेच्या वीतभर वर थांबलं नव्हतं. ते तिथून आणखी दोन फूट वर होतं, माळ्याच्या फळ्यांच्याही वर. आनंदा शिडीवर चढून नळी धरून होता.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पुरानंतर सहा वर्षांनी आम्ही भिंती त्याच ठेवून घर वर वाढवलं, तेव्हा आत भर घालून जोतं दोन फूट उंच केलं होतं, पुन्हा पाणी येऊ नये म्हणून. आनंदानेच केलं होतं ते काम. मंदाची फरशी आहे तिथेच राहिली. मी तिच्या जुन्या फरशीपासून मापलेली सुतळी माझ्या नव्या फरशीवरून वर धरली होती.

गायत्री बिचारी साधी. तिला संशय आला नाही, तिला नवल वाटलं. “काका, इतकं पाणी होतं तर हा माळा पण बुडालेला असणार ने? इथे तर माणूस बसला असता तर…” तिने हिशेब करून स्वतःच्या गळ्याला हात लावला. “इथपर्यंत. तेव्हा माळ्यावर कोणी नव्हतं ना?”

माळा बुटका आहे. तिथे उभं राहता येत नाही, बसावंच लागतं. कुंदन तेव्हा दहा वर्षांचा, माझ्या मांडीला डोकं लावून बसला होता. मी काढलेल्या रेघेने मी त्याला पाण्याखाली घातलं होतं. मला, दगाला, सगळ्यांनाच. दोन दिवस मी त्या रेघेकडे कौतुकाने बघत होते आणि हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.

आनंदा शिडीवरून माझ्याकडे बघत होता. त्याला कळलं होतं. गवंडी माणूस, जोतं त्याने स्वतःच्या हाताने भरलेलं. मंदालाही कळलं. तिने माझ्या नखांकडे पाहिलं, त्यात अजून कुंडीची माती होती.

मग मंदा गायत्रीला म्हणाली, “नळीत हवा धरली आसंल गं. हवा धरली की लेवल चुकती. व्हय ना ओ?”

आनंदाने नळी डोळ्यांसमोर धरली. “व्हय,” तो म्हणाला. “बुडबुडा दिसतोय. सुषमाताईंची रेघ बरोबर हाय. ह्यांचंच लिव्ह तू, आमचा फोटो लई झाला.”

नळीत बुडबुडा नव्हता. स्वच्छ पाणी होतं.

मला त्या वेळी काय वाटलं ते उपकाराचं नव्हतं. अंगाचा तिळपापड झाला माझा. पुरातही हीच जागा देणार, आणि आता माझा खोटेपणासुद्धा हीच पदराखाली घेणार. कॉलेजात माझ्या घराचा फोटो लागणार तोही हिच्या मेहरबानीने. म्हणजे जन्मभर मी हिच्या माळ्यावरच बसलेली. मला त्या बाईचा इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या भरात मी बोलून गेले.

“हवा-बिवा काही नाही. ती रेघ मी परवा काढली. खवणीने.”

गायत्रीने वही छातीशी धरली.

“फोनचं रेकॉर्डिंग चालू कर,” मी तिला म्हटलं. “माळ्यावर कोण होतं विचारलंस ना? आम्ही होतो. मी, दगा, कुंदन. आनंदा, मंदा आणि त्यांची चार वर्षांची सुवर्णा. सहा माणसं, तीन दिवस. आनंदाने कुंदनला खांद्यावर घालून आणलं, मग तो दगाला आणायला पुन्हा पाण्यात गेला. माळ्यावर तेव्हा मंदा, दोन पोरं आणि मी. चौघांनाच जागा पुरत नव्हती, कारण तिथे मंदाचं शिलाई मशीन होतं. पायाचं, लोखंडी, तिच्या वडिलांनी म्हैस विकून दिलेलं. खालचं सामान वाचावं म्हणून आदल्या दिवशीच दोघांनी दोरीने वर ओढून ठेवलेलं. त्यावर ती ब्लाऊज शिवायची, तेच तिचं उत्पन्न.”

“कुंदनची आई, गप बसा,” मंदा म्हणाली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज चढलेला मी ऐकला. “जुनं कशाला उकरायलात? मी च्या टाकते.”

“तिने ते मशीन पायाने रेटत कडेला आणलं,” मी म्हटलं, “आणि खाली पाण्यात ढकलून दिलं. दगाला बसायला जागा व्हावी म्हणून.”

नळी शिडीवरच्या आनंदाच्या हातातून सुटून लोंबकळली, पाणी फरशीवर सांडलं.

“तू तर म्हनली व्हतीस, निसटलं,” तो मंदाला म्हणाला.

“निसटलंच.” मंदा त्याच्याकडे न बघता पोतेरं शोधायला लागली. “वलं झालं व्हतं समदं. निसटलं.”

मला काय वाटलं असेल ते बघा. इतक्या वर्षांत तिला द्यायला माझ्याकडे ही एकच गोष्ट होती आणि तीही ती घेईना. मी तिच्या हातातलं पोतेरं ओढून घेतलं आणि खाली बसून फरशी पुसायला लागले. पुसता पुसता गायत्रीला म्हटलं, “ती काय म्हणते ते लिहू नकोस. ढकललं. मी समोर बसले होते.”