सांडव्यावरच्या चुंगड्या

सुमनबाईचा कोणावर म्हणून भरवसा नव्हता. दुधात पाणी आहे असं गावात सगळेच म्हणायचे, पण पहाटे धार काढताना गवळ्याच्या गोठ्यात जाऊन उभी राहिलेली बाई एकच, ती ही. नवरा यादोराव गरीब गाय. तो म्हणायचा, "तुह्या डोक्यात पोलीस चौकी हाय." ती म्हणायची, "चौकी नसती तं लोकायनं तुले कवाचंच इकून खाल्लं असतं."

त्या साली लेक दीपमाला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आलेले, पाय सुजलेले, उठून न्हाणीपर्यंत जाणं जिवावर यायचं. लग्नाआधी तिनं तलाठी भरतीचा अभ्यास केला होता आणि ती खोड अजून गेली नव्हती. खाटेवर पडल्या पडल्या ती मोबाईलवर जगातल्या मोठमोठ्या संकटांची माहिती वाचायची आणि आईला ऐकवायची. चीनमध्ये नदीला पूर आला नि लाखो माणसं गेली. भोपाळला वायू सुटला. गुजरातेत मोरवीचं धरण फुटलं आणि घटकाभरात गाव धुऊन निघालं.

"यातल्या काही आपत्ती नैसर्गिक, काही मानवनिर्मित," दीपमाला म्हणाली.

"कायची नैसर्गिक वो!" सुमनबाई भाकर थापता थापता फणकारली. "मांगं कोनाचा तरी हात असतेच. पाहाले कोनी गेलं नसन, एवढंच."

पण मोरवीचं ऐकल्यापासून ती रात्री उठून अंगणात यायची आणि तलावाचा कानोसा घ्यायची. त्यांची टोली, म्हणजे वस्ती, गावतलावाच्या मातीच्या पाळीला अगदी खेटून, खालच्या अंगाला. अंगणात उभं राहून वर बघितलं तर पाळीवरून चाललेल्या बैलांचे नुसते पाय दिसायचे. आणि तलाव यंदा काठोकाठ होता.

तो तसा भरला त्यालाही कारण होतं. मागची दोन सालं ऐन लोंबी भरायच्या वेळेस तलाव आटला आणि धानाचा पोचा झाला. म्हणून यंदा रोवणी संपताच टोलीतल्या लोकांनी युरियाच्या रिकाम्या चुंगड्यांत माती भरली आणि सांडव्यावर रचून टाकली. जास्तीचं पाणी वाहून जायची वाटच बुजवली म्हणा ना! गावोगावी करतात तसं. या कामात सगळ्यांत पुढं सुमनबाईच होती. मग पाऊस लागला तो थांबायचं नाव घेईना. वैनगंगा फुगली, आसगावचा रस्ता पाण्याखाली गेला, तालुक्याचं माणूस गावात येणं बंद झालं.

तलावाच्या वरच्या अंगाला, पाणी ओसरतं त्या जमिनीत, तुलारामचं धान होतं. जमीन सरकारची, वहिवाट त्याच्या बापापासूनची. तलाव जितका चढेल तितकं तुलारामचं धान बुडायचं. आता सांगा, पाळ कोणी फोडलीच तर सुमनबाईचा संशय दुसऱ्या कोणावर जाणार?

एका संध्याकाळी बकरी शोधायच्या निमित्तानं ती पाळीवर गेली. सांडव्यात गुडघाभर पाण्यात तुलाराम, हातात फावडं.

"काय करून राहिला गा तुलाराम?"

तो दचकला. "काई नाई बाई. मासोळ्या पाहून राहिलो."

"फावड्यानं मासोळ्या पाह्यतेस?"

बस्स. सुमनबाईनं अशी बोंब ठोकली की अख्खी टोली पाळीवर चढली. तुलारामनं एक चुंगडी काढून बाजूला ठेवलेली सगळ्यांनी बघितली. तो रडकुंडीला आला. "माहा धान सडून राहिला ना बापा! दोन चुंगड्या काढल्या तं तुमचं काय जाते?"

"आज चुंगडी काढशीन, उद्या पाळ फोडशीन!" सुमनबाई कडाडली. "माही लेक खाली जड अंगानं पडली हाय. तुह्या धानासाठी आमी मराचं का?"

टोलीतल्या इश्वरनं त्याचं फावडं हिसकावलं. इश्वरच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, सांडव्याच्या अगदी तोंडाशी, त्यामुळे त्याचा जोर सगळ्यांपेक्षा जास्त. काढलेली चुंगडी परत बसवली, वर आणखी एक थर चढवला. तुलाराम मान खाली घालून निघून गेला. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा सुमनबाईला शांत झोप लागली.

पाऊस पडतच होता. दोन दिवसांनी सकाळी ती पाळीवर गेली ती तुलाराम रात्रीतून येऊन गेला की काय ते बघायला. चिखलात कोणाचं पाऊल नव्हतं. पण पाणी पाळीच्या माथ्याला टेकलं होतं, आणि खालच्या अंगाला, त्यांच्याच घराच्या मागं, जिथं कधी ओल नव्हती तिथून पाण्याची धार निघाली होती. धार गढूळ होती. म्हणजे पाळीच्या पोटातली माती वाहून येत होती.

ती धारेभोवती फावड्याची खूण शोधू लागली. कोणीतरी केलंच असणार! गवत उपसलं, दगड उलटले. खूण नव्हती. तिनं मान वर करून चुंगड्यांची ती भिंत बघितली आणि तिला कळून चुकलं की हे तुलारामनं केलेलं नाही. आपण केलंय. त्या घटकेला तिला दीपमालाचे सुजलेले पाय दिसले, आणि ती एवढी घाबरली की एकटीच मोठ्यानं रडली.

चुंगड्या ओढून बघितल्या, एकही हलेना. ती इश्वरकडे धावली. तो म्हणाला, "बाई, तुमीच तं रचाले लावल्या. आता काढल्या तं पानी सरळ माह्या बांध्यांत. कोनी शिकवून राहिलं का तुमाले?"

आणखी कोणाला विचारणार? ती तुलारामच्या दारात गेली. तो ओट्यावर बसून होता. सगळं ऐकून घेतलं, पण उठला नाही.

"परवा मले चोर केलं. आज मी हात लावीन अन् तू बोंबलशीन. मले जेलात धाडाचं हाय का?"

"पाया पडतो तुह्या. माही पोरगी पळू शकत नाई रे दादा."

"तं पहिला घाव तू घाल," तुलाराम म्हणाला. "सगळ्यायच्या देखत. मंग मी येतो."

तिनं आढेवेढे घेतले नाहीत. इश्वरच्या अंगणातून तेच फावडं उचललं आणि सांडव्यात उतरली. टोली गोळा झाली, इश्वर शिव्या घालत होता, यादोराव "अवो, येडी झाली का!" म्हणत पाळीवर हातवारे करत होता. तिनं वरची चुंगडी फाडली. तशी तुलारामनं उडी टाकली आणि तिच्या हातून फावडं घेतलं. चुंगड्या सरकल्या. मग पाण्याचा असा लोंढा सुटला की बोलणं ऐकू येईना. इश्वरच्या बांध्या गेल्या. त्याला लागून सुमनबाईच्याही होत्या, त्याही रेतीखाली गेल्या. दुपारपर्यंत तलाव हातभर उतरला, मागची धार बारीक होत होत थांबली. पाळ जागच्या जागी राहिली. चौथ्या दिवशी दीपमालाला मुलगी झाली, त्याच घरात, त्याच खाटेवर.

ऊन पडलं तशी लोकांना वाचा फुटली. "कुठं फुटत होता तलाव? दाखव!" सुमनबाईनं नेऊन दाखवलं. तिथं कोरडी माती होती आणि एक बकरी चरत होती. वरच्या अंगाला तुलारामचं धान पाण्यातून बाहेर आलेलं, हिरवंगार. लोकांना आणखी काय पाहिजे! बाईनं तुलारामकडून पैसे खाल्ले, असं इश्वर तोंडावर म्हणाला. बाकीचे मागून म्हणाले. पाळ फुटली असती तर सगळ्यांनी विश्वास ठेवला असता. आणि दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर आपणही हेच म्हटलं असतं, हे सुमनबाईला पक्कं ठाऊक होतं.

दिवाळीच्या सुमाराला तुलारामचं हलकं धान निघालं. बाळंतिणीसाठी म्हणून तो पायलीभर नवा तांदूळ घेऊन आला. त्या दारात महिनोन्महिने कोणी बसायलाही आलं नव्हतं. सुमनबाईला फार बरं वाटलं. तिनं त्याला चहा पाजला.

तो गेल्यावर दीपमालानं दार लोटलं. बाळाला पाजत खालच्या आवाजात म्हणाली, "आई, बाबाले सांगत नाई मी. खरं सांग, तुलारामकाकासंगं तुहं आंधीच ठरलं होतं का?"

नवा तांदूळ पाखडायला घेतलेलं सूप सुमनबाईनं खाली ठेवलं. चिडावं म्हटलं तर चीडही येईना.

"नाई वो माय," ती म्हणाली. "तुह्यासाठी केलं."

"बरं," दीपमाला म्हणाली आणि तिनं बाळाला दुसऱ्या अंगाला घेतलं.