बाप धावला ती ओळ

बोंगिमबाईंनी पवित्र शास्त्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकोणीस वेळा वाचलं होतं. बोलग्यो गावात ही गोष्ट ज्याला ठाऊक नाही तो एक तर ठार बहिरा असणार, नाही तर कालच्याच बसने गावात उतरलेला. चर्चच्या जिन्यापाशी तक्ता होता. एक वाचन पुरं झालं की नावापुढे एक लाल कागदी सफरचंद चिकटवायचं. बोंगिमबाईंची सफरचंदं तक्त्यात मावेनात, ती भिंतीवर चढली होती. त्यांच्या नावाखाली पिलनामबाईंचं नाव. पुढे दोन सफरचंदं, त्यातलंही एक सुटायला आलेलं.

"अगं पिलनाम, सत्तरी आली की तुझी. तिसरं सफरचंद कधी?"

"काय करू ताई, पुढे जाववतच नाही. पान उलटलं की वाटतं, मागे काही राहिलं तर नाही ना. मग परत तेच पान."

"बस मग तिथेच. मी तोवर शेवटच्या प्रकटीकरणापर्यंत जाऊन परत येते!"

आणि खरंच यायच्या. पहाटेच्या प्रार्थनेहून आल्या की खानावळीच्या चुलीवर तिसऱ्या शिंपल्यांचं भलं मोठं पातेलं चढवायचं आणि ते उकळेपर्यंत पाच अध्याय सटासट. वंशावळ्या आल्या की बाईंचा वेग असा काही वाढायचा की विचारू नका. त्यांच्या या खानावळीत जेवायला येणारे कोळीसुद्धा म्हणायचे, "आज काय, गणनेचं पुस्तक का? मग रस्सा लवकर मिळणार."

एवढं शास्त्र कोळून प्यायलेल्या बाईंचं घरात मात्र एका माणसाशी वाकडं होतं. एकुलती एक लेक, हेसुक. तीन वर्षांपूर्वी थंडीच्या तोंडावर अंगणात किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायला चर्चच्या बारा बायका जमल्या होत्या. हेसुक म्हणाली, "आई, खारवलेली कोळंबी जास्त होतेय." एवढंच. बोंगिमबाई फणकारल्या, "जिला स्वतःचा संसार टिकवता आला नाही, तिने मला मीठ शिकवू नये." बारा जणींचे हात कोबीत थांबले. हेसुकचा घटस्फोट होऊन तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. तिने शांतपणे गुलाबी हातमोजे काढले आणि म्हणाली, "एवढं वाचतेस आई, पण त्यातलं आत काही जातं का गं?" आणि गेली ती गेलीच, थेट ग्वांगजू शहरात.

आता गंमत बघा. या भांडणातलं लेकीचं वाक्य बोंगिमबाईंना तोंडपाठ होतं. स्वतःचं मात्र कधी आठवायचं नाही. विचारलं की सांगायच्या, "माझं दार उघडंच आहे. तिने यावं, माफी मागावी, मग मी आहेच की." दर चुसोकच्या सणाला ग्वांगजूहून नासपतींचं खोकं यायचं. बोंगिमबाई ते उघडून तळापर्यंत चाचपायच्या. चिठ्ठी नाही. चिठ्ठी नाही म्हणजे माफी नाही. खोकं तसंच्या तसं पिलनामबाईंकडे रवाना.

घरात बोलायला कुणी उरलं नाही, तेव्हा बाईंनी सगळं शास्त्र हाताने उतरवायला घेतलं. चर्चमध्ये ही रीत जुनी. उतरवून झालं की वह्यांची बांधणी करून त्या उपकारस्तुतीच्या रविवारी वेदीवर अर्पण करायच्या, मग त्या काचेच्या कपाटात कायमच्या. नियम एकच. एक वचन बघायचं, लिहायचं, परत बघायचं. पाळकसाहेबांनी तो तीनदा बजावला होता. "कळलं हो," बोंगिमबाई म्हणाल्या, "एकोणीस वेळा वाचलंय मी." अडीच वर्षांत अकरा वह्या भरल्या. अक्षर असं की छापलेलं वाटावं.

अर्पणाआधी प्रत्येक वही दुसऱ्या कुणीतरी मूळ ग्रंथाशी ताडून बघायची असते. बाकीच्या दहा वह्या पाच जणींनी भराभर उरकल्या. शुभवर्तमानांची वही पाळकसाहेबांनी दिली नेमकी पिलनामबाईंना. बोंगिमबाईंनी कपाळाला हात लावला.

आणि झालंही तसंच. उद्यावर रविवार आला तरी शनिवारी दुपारी पिलनामबाई अजून लूकच्या शुभवर्तमानातच! बांधणीवाला पाचला दुकान बंद करणार होता. बोंगिमबाई स्वतःच लसणाची टोपली घेऊन त्यांच्या ओसरीवर जाऊन बसल्या.

"वाच मोठ्याने. मी इथून हलत नाही."

पिलनामबाई एक ओळ वहीत वाचायच्या, एक ग्रंथात. पंधराव्या अध्यायात घर सोडून गेलेल्या पोराची गोष्ट आली. डुकरं राखून झाली, पोरगा परत निघाला, आणि पिलनामबाई थांबल्या. चष्मा पुसला. परत वाचलं. परत थांबल्या.

"आता काय झालं?"

"ताई, तुमचा बाप धावत का नाही?"

"कुठला बाप?"

"हा बघा. तुम्ही लिहिलंय, पोरगा दारात आला, पाया पडला, चुकलो म्हणाला आणि मग बापाने त्याला पोटाशी धरलं. इथे तसं नाही. इथे पोरगा अजून लांब रस्त्यावरच आहे. बापाला तो दिसतो, बाप धावत सुटतो, गळ्यात पडतो. चुकलो वगैरे पोरगा त्यानंतर म्हणतो."

"काहीतरीच! तुझी प्रत चुकीची असेल."

"पवित्र शास्त्राची?"

"जुनी आहे ना ती. माझी आण घरून."

पिलनामबाई बिचाऱ्या जाऊन घेऊन आल्या. येताना वाटेत पाळकसाहेबांकडचीही उचलली, असावी हाताशी म्हणून. तिन्ही ग्रंथ ओसरीवर उघडे पडले. तिन्हींत बाप धावत होता. बोंगिमबाईंच्या स्वतःच्या ग्रंथात तर त्या अध्यायाच्या कडेला पेन्सिलीच्या एकोणीस खुणा होत्या, एकाखाली एक, नीट ओळीत.

बोंगिमबाईंच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. त्यांना आता सगळं आठवलं. ते पान लिहिताना पातेलं उतू जात होतं. ही गोष्ट काय, शेंबड्या पोरालाही येते, म्हणून त्यांनी ग्रंथ मिटून ठेवला होता आणि मनानेच लिहिलं होतं.

मनानेच! बाईंना एकदम कानकोंडं झालं. लेकराला आधी दारात आणून पाया पडायला लावणारा हा बाप कुठून आला, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. तो त्यांच्याच स्वयंपाकघरात तीन वर्षं ठाण मांडून बसला होता. आणि पाठोपाठ अंगणातलं ते स्वतःचं वाक्य आठवलं, बारा बायकांसकट, शब्द न् शब्द. जिला स्वतःचा संसार टिकवता आला नाही.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "मी काय बोलले गं तिला."

पिलनामबाईंनी कुणाला ते विचारलं नाही. त्याही त्या बारांत होत्या.

"एकच पान आहे ताई," त्या म्हणाल्या. "आत्ता बसलात तर पाचच्या आत होईल लिहून. पेन देऊ?"

बोंगिमबाईंनी पेन घेतलं. नवा कागद घेतला. बघायचं, लिहायचं, परत बघायचं. पोरगा लांब होता, इथपर्यंत लिहिलं. बापाला तो दिसला, लिहिलं. पुढच्या ओळीवर बोट ठेवलं आणि बोट काही हलेना. ग्वांगजूची बस पावणेचारची होती. साडेतीन वाजून गेले होते.

"पिलनाम, ती कुठे राहते गं आता?"

"म्हणजे? तुम्हाला माहीत नाही?"

"खोक्यावर असायचं लिहिलेलं. मी कधी वाचलं नाही."

पिलनामबाई उठल्या, आत गेल्या, आणि नासपतींचं रिकामं खोकं घेऊन आल्या. त्यात त्या रताळी ठेवायच्या. बाजूला हेसुकच्या अक्षरात पत्ता होता. पिलनामबाईंनी तेवढा पुठ्ठा कात्रीने कापून दिला.

"फार गोड असायच्या हो ताई. एकेक कागदात गुंडाळलेली. मला दर वर्षी खाताना चोरी केल्यासारखं वाटायचं."

"मग बोलायचं नाही का, बये?"

"तुमच्यापुढे बोलायची सोय आहे का कुणाला?"

बोंगिमबाई रबरी बूट घालून, हाताला लसणाचा वास घेऊन, तशाच निघाल्या. मागून पिलनामबाई ओरडल्या, "अहो, आणि उद्याचं अर्पण?"

"थांबेल! पुढच्या वर्षी करू!"

बसमध्ये दीड तास त्या काय बोलायचं ते जुळवत होत्या. चुकले म्हणावं की आधी जेवलीस का विचारावं? जुळेचना. ग्वांगजूला उतरून, चार जणांना पुठ्ठा दाखवत, त्या एका उतारावरच्या गल्लीत पोचल्या तेव्हा दिवे लागत होते. आणि गल्लीच्या पार खालच्या टोकाला, हातात मुळ्यांची जुडी घेऊन, खाली मान घालून, हेसुक चढण चढत येत होती. वाळली होती. एकटी होती.

बोंगिमबाईंचे गुडघे चर्चच्या जिन्यालाही कुरकुरायचे. डॉक्टरांनी भराभर चालायचीसुद्धा बंदी केली होती. बाई धावत सुटल्या. रबरी बूट फटाफट वाजत होते, पदपथावरची मांजरं पळाली, एक भाजीवाला "अहो आजी, सांभाळून!" म्हणून मागे धावला.

हेसुकने वर पाहिलं. मुळे खाली पडले.

"आई? काय झालं? कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही! गप्प उभी रहा!"

"अगं धावू नकोस! तुझे गुडघे... आई, ऐक, त्या दिवशी मी..."

"एक शब्द बोलू नकोस!" बोंगिमबाई धापा टाकत ओरडल्या. "आधी मला पोचू दे!"

आणि त्या पोचल्या.