साडेअकराची झोप

पहिल्या दिवशी दारातच थांबून दानम्मानं सुनेला विचारलं, "हीच न्हवं शाळा?"

"शाळा नव्हे अत्ती, प्री-स्कूल," वर्षाराणी म्हणाली. तिला साडेनऊला लॅबमध्ये पोचायचं होतं. तिनं स्कूटर बंदही केली नव्हती. "म्हणजे शाळेच्या आधीची."

"शाळेच्या आधी म्हशी असत्यात की गं."

वर्षाराणी हसली, लेकीच्या गालावरून हात फिरवला आणि गेली. दानम्मानं मात्र ते हसण्यासाठी म्हटलं नव्हतं. नेसरीजवळच्या वाडीत ती वाढली, तेव्हा शाळेच्या वयाआधी तिच्या वाट्याला म्हशी होत्या आणि नंतरही म्हशीच. आता साठी उलटली होती. मुलगा शिवकुमार कोल्हापुरात कारखान्यात नोकरीला. नातीला सांभाळायला म्हणून त्यानं गेल्या उन्हाळ्यात आईला इकडं आणलं. नात संयोगिता साडेतीन वर्षांची. अज्जी नजरेआड झाली की ती गल्ली डोक्यावर घ्यायची.

प्री-स्कूलचा नियम साधा होता. नवीन मूल रुळेपर्यंत घरचं एक माणूस आत बसू शकतं. राजारामपुरीतल्या एका बंगल्याचा खालचा मजला, दोन खोल्या, बारा मुलं आणि क्रांती मिस. दानम्माला खुर्ची देऊ केली होती, पण ती खाली भिंतीला टेकून बसली.

सकाळ रंगांत, ठोकळ्यांत, गाण्यांत जायची. अकराला डबे. साडेअकराला क्रांती मिस खिडक्यांचे निळे पडदे ओढायच्या, पंखा एकावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "चला, आता सगळ्यांनी झोपायचं." बारा छोट्या गाद्या पसरल्या जायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी दानम्मापुढंही एक सतरंजी टाकली.

"तुम्हीपण पडा की आज्जी. मोठं माणूस बसलेलं दिसलं की पोरं डोळं मिटत नाहीत."

भर दुपारी आडवं व्हायला दानम्माला जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. साडेअकरा ही भांगलणीची वेळ, शेणी थापायची वेळ, शेतावर भाकरी पोचवायची वेळ. अशा वेळी अंग टाकलेली बाई एक तर तापानं फणफणलेली असते, नाहीतर बाळंतीण. नुसतं पडून राहायचं, या बेतानं ती कलंडली. निळ्या उजेडात पापण्या जड झाल्या आणि समोरची भिंत हळूच बाजूला सरली. तिकडं वाडीचा ओढा होता. म्हशी एकेक करून पाण्याबाहेर आल्या आणि गाद्यांच्या मधून चालत गेल्या. एकीचाही पाय कुणा पोरावर पडला नाही. थोरली चंद्री खिडकीशी थांबली आणि पडद्याचा निळा रंग चरू लागली. कुणीतरी हजेरी घेत होतं. दानम्माचं नाव आलं. ती सात वर्षांची होती, परकर ओला होता. "हाय" म्हणायला तिनं तोंड उघडलं, तर आतून गार वारा निघाला आणि सगळ्या वर्गाला पुरला.

बारा वाजून पाच मिनिटांनी पडदे उघडले. आपण कुठं आहोत हे तिला उमगायला वेळ लागला.

त्यानंतर ती रोज झोपली, आणि रोज काही ना काही आलं. एकदा मेलेली बहीण बाळाबाई ठोकळे रचत बसली होती आणि मान वर न करता म्हणाली, "बस की, जागा हाय." एकदा ऊस छताला लागला आणि त्याच्या पानांतून पोरं हळू आवाजात अंक म्हणत होती. दानम्मा घरी कुणाला काही बोलली नाही. सांगण्यासारखं काय होतं? म्हातारी झोपते, एवढंच.

"तू नापास झालीस व्हय?" यशराज नावाच्या पोरानं डबा खाता खाता विचारलं.

"न्हाय रं. उशिरा आलो."

"उशिरा आल्यावर भाईर उभं करत्यात. माझ्या दादाला केलतं."

अडचण एकच होती. संयोगिता चौथ्याच दिवशी रुळली. दाराकडं पाठ करून बसायला लागली. दहाव्या दिवशी, डबे आवरल्यावर, क्रांती मिस म्हणाल्या, "आज्जी, संयू रमली आता. उद्यापासून सोडून गेला तरी चालेल."

दानम्मा घाईघाईनं म्हणाली, "रडती की वो अजून. मी नजरंआड झालो की आकांत करती."

"मला कधी दिसली नाही रडताना."

"मी हाय म्हणून."

"बरं, बघू या तर. पाच मिनिटं बाहेर थांबा."

दानम्मा चपला घालायला दारात गेली. संयोगिता मागं आली. तिनं सगळं ऐकलं होतं. अज्जीच्या कानाला तोंड लावून ती म्हणाली, "अज्जी, मी रडू काय? मग तू ऱ्हाशील?"

दानम्मानं आत पाहिलं. पडदे अर्धे ओढून झाले होते.

"रड," ती म्हणाली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली.

आतून रडणं सुरू झालं. आधी ते सांगून केलेलं होतं, आणि दानम्माला ऐकून बरं वाटलं. पण पाच-सहा हुंदक्यांत ते खरं झालं. पोरीचा श्वास अडकायला लागला. ती कुणाचं नाव घेत नव्हती, नुसतीच रडत होती. तिचं ऐकून तिच्या शेजारचा छोटा सम्राट रडायला लागला, मग यशराज, मग सगळेच.

दानम्मा चपलांसकट आत धावली आणि संयोगिताला उचलून घेतलं. "बाई, मीच सांगिटलं हिला रड म्हणून. पोरगी रुळल्या. मलाच हितली झोप सोडवंना."

क्रांती मिसच्या कडेवर सम्राट होता. त्यांनी तिच्याकडं बघितलं. "मग तसं सांगायचं की मला."

"काय सांगू? निजायला येतो म्हणून?"

"आजचा दिवस झोपा. उद्यापासून मात्र नको आज्जी, बाकीचे पालक विचारतात मला." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि आता हात लावा. ह्या बाराजणांना कोण निजवणार?"

दोघींनी मुलांना थोपटलं. दानम्मा शब्दांशिवाय, नुसत्या घशातल्या घशात गुणगुणत राहिली. खोली एकेका कोपऱ्यातून शांत होत गेली. मग ती सतरंजीवर पडली.

भिंत जागची हलली नाही. ओढा आला नाही, बाळाबाई आली नाही. तिला पहिल्यांदाच खोली ऐकू आली. बारा श्वास, कुणाचा लांब, कुणाचा आखूड. त्यांत एकाला मधूनच उचकी लागत होती. संयोगिताच्या झोपेतही रडणं थोडं शिल्लक होतं. दानम्मा कुशीवर वळली आणि ती उचकी ऐकत राहिली. दोन श्वासांनी एक. मग पाच श्वासांनी. मग बराच वेळ नाही.

आणखी थोडं थांबून ती उठली. सतरंजीची घडी घालून भिंतीशी ठेवली. क्रांती मिसनी दोन बोटांनी, अजून वेळ आहे, असं खुणावलं. दानम्मानं नको म्हणून मान हलवली.

बारा वाजायला दहा मिनिटं होती. गल्लीत ऊन होतं आणि कुणी नव्हतं. फाटकाची कडी वाजू नये म्हणून तिनं ती बोटांत धरली आणि अगदी सावकाश खाली सोडली.